सायडिंगनं गाव सोडलं तो मंगळवार

निपाणीला तेव्हा सगळं होतं, फक्त रेल्वे नव्हती. तंबाखूच्या वखारी होत्या, भरगच्च बाजार होता, मुलींची शाळा होती आणि त्या शाळेत चौथीपर्यंत शिकून जगातलं सगळं कळून चुकलेली मी होते. त्यामुळे बेळगावच्या पलीकडचं स्थळ आलं आणि मध्यस्थ म्हणाला, "मुलाच्या दारात रूळ आहेत," तेव्हा मी मुलाबद्दल पुढचं काही विचारलंच नाही. दारात रूळ म्हणजे रुळांवर गाडी असणार, गाडीत मडमा असणार, आणि त्या मडमा खिडकीतून मला बघणार, एवढं मी चौथीच्या अकलेनं जुळवून टाकलं. मैत्रिणींना सांगून ठेवलं, तुमची बैलगाडी चिकोडीला पोचेपर्यंत मी पुण्याला जाऊन आलेली असेन.

लग्नानंतर संकेश्वर, हत्तरगी, काकती करत बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली. बेळगाव मागं पडलं, खानापूरच्या अंगाला आणखी बरंच आत गेलो आणि एका उघड्या माळावर गाडीवानानं बैल सोडले. रूळ होते. अगदी दारात होते. मध्यस्थ खोटं बोलला नव्हता. रुळांवर गुडघाभर गवत होतं, गवतात एक शेळी होती, आणि शेळीच्या पलीकडं एका आडव्या लाकडी ओंडक्याशी रूळ संपत होते. त्याच्या पुढं पाण्यानं भरलेला मोठा खड्डा.

"गाडी कधी येते?" नवऱ्याशी मी बोललेलं पहिलं वाक्य हेच.

"यायची की," ते म्हणाले. "मी बारका असताना."

तर ते असं होतं. मोठ्या लाइनीला फुटलेला हा फाटा, रेल्वेच्या भाषेत सायडिंग. इथली टेकडी फोडायची, खडी मालगाडीच्या वाघिणीत भरायची आणि लाइनीवर नेऊन टाकायची, एवढ्यासाठी रेल्वेनं घातलेला. टेकडी संपली, टेकडीच्या जागी खड्डा झाला, खड्ड्यात पाणी साठलं, आणि रेल्वे आपल्या वाघिणी घेऊन निघून गेली. माणसं न्यायची तेवढी राहिली. खडी फोडणारी वडारांची घरं, त्यांच्या छिन्न्यांना धार लावणारा लोहार, मजुरांना चणे-कुरमुरे विकणारी एक म्हातारी, आणि या सगळ्यांचे मुकादम म्हणजे माझे सासरे. हे सगळे आसपासच्या जमिनी वाट्यानं करून भात पिकवायचे, खड्ड्याचं पाणी प्यायचे आणि आपण कुठले म्हणून कुणी विचारलं तर "सायडिंगचे" म्हणायचे. दुसरं नाव त्या जागेला नव्हतं आणि हवं असं माझ्याखेरीज कुणाला वाटतही नव्हतं.

पहिल्या वर्षी माहेरी गेले तेव्हा वैनीनं विचारलं, "काय गं, स्टेशन मोठं आहे का?"

"स्टेशन म्हणजे असं नाही," मी म्हणाले, "पण गर्दी नसते, ते एक बरं."

शेळीचं मी सांगितलं नाही.

माझ्या सासूबाईंना मी आत्तीबाई म्हणायची. या बाईंचा सगळा संसार खडीच्या मागं फिरण्यात गेलेला. जिथं टेकडी फोडायची तिथं रेल्वे खोपट घालून द्यायची, टेकडी संपली की खोपट उचलायची. त्यांच्या लेकरांपैकी एकाचा जन्म लोंढ्याच्या रानात, एकाचा घटप्रभेच्या अंगाला, आणि एक लेकरू वाटेतच कुठंतरी मागं ठेवून आलेल्या. त्या जागेचं नावसुद्धा त्यांना सांगता यायचं नाही, कारण रेल्वे हलल्यावर तिथं विचारायला कुणी उरलं नव्हतं. सायडिंगला आल्यावर मात्र त्यांनी खोपट मोडून दगडी भिंती घालून घेतल्या आणि परसात फणस लावला. लावला तेव्हाच सासऱ्यांना म्हणाल्या होत्या म्हणे, "ह्याचं गरं खाल्ल्याबिगर मी हितनं हलणार न्हाय. तुमी जावा रेल्वेसंगट."

फणस वाढला होता, पण अजून धरला नव्हता.

मला तिथं तिसरं वर्ष असेल, ट्रॉलीवरून रेल्वेचा एक साहेब आला. गोरा नव्हता, टोपी गोऱ्याची होती. त्यानं ट्रॉलीवर बसूनच सासऱ्यांना सांगितलं, की सायडिंग कधीच बंद झालंय, जागा रेल्वेची आहे, रूळ काढून न्यायचे आहेत आणि माणसांनीही उठायचं आहे. सासरे हात जोडून म्हणाले, इथं गाव वसलंय साहेब. साहेब हसला. गाव आहे की नाही ते बघायला मामलेदार कचेरीचा सर्कल इन्स्पेक्टर येईल, म्हणाला. गाव असलं तर राहा, सायडिंग असलं तर निघा. पुढच्या आठवड्यात कधीतरी.

त्या दिवसापासून आत्तीबाईंनी फणसाला रोज एक जास्तीची घागर घालायला सुरुवात केली, जसा काही तो घाबरून लवकर धरणार होता.

आणि मी? मी मनातल्या मनात गाठोडं बांधलं. उठायला लागलं तर बेळगावला जाणार, बेळगावात यांच्या मामानं कॅम्पात काहीतरी काम बघून ठेवलेलं, आणि कॅम्पात काय नव्हतं. बिस्किटं भाजणारी बेकरी होती, चर्चची घंटा होती, पलटणीचा बँड होता, आणि शेवटी एकदाच्या मडमा होत्या. आत्तीबाई पाणी घालून आल्या की मी तोंड पाडून बसायची आणि त्या आत गेल्या की मनात बँड वाजायचा. सून म्हणून मी इतकी गुणी होते.

हे सगळं असंच झालं असतं, जर शेजारच्या थोरल्या गावातल्या बायकांनी तोंड उघडलं नसतं.

थोरलं गाव म्हणजे खरोखरीचं गाव. वेस, मारुती, पाटील, पार, भांडणं, सगळं रीतसर. आम्ही ओढ्यावर धुणं घेऊन जायचो तिथं त्यांच्या बायका यायच्या. आमच्या भागात एक रीत आहे. काही वर्षांनी एकदा सगळं गाव एका दिवसासाठी गाव सोडतं. उजाडायच्या आत चुली विझवायच्या, घरं झाडायची, दारांना नुसत्या कड्या घालायच्या आणि माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी शिवेच्या बाहेर पडायचं. वाटांवर काटेरी फांद्या टाकायच्या. दिवसभर गावात माणूस नको, धूर नको. देवी त्या रिकाम्या गावातून फिरते, रोगराई झाडून काढते. लोक रानात रांधून खातात आणि दिवेलागणीला परत येऊन नवा विस्तव करतात. त्या दिवशी जो काटे ओलांडून आत जाईल त्याचं काही खरं नाही.

तर पाटलाची बहीण पातळ पिळता पिळता म्हणाली, "परवा मंगळवारी आमी गाव सोडणार. तुमी धुण्याला येऊ नगासा, आमी हितंच वरच्या अंगाला जेवाण करणार."

"बरं," मी म्हणाले. "आमचंही बघायला पाहिजे एकदा."

"तुमचं काय बघतीस?" तिनं हसून बाकीच्या बायकांकडं बघितलं. "गाव असलं तर सोडायचं गं बाई. सायडिंग कोण सोडतंय? ते सोडलेलंच हाय."

बायका इतक्या हसल्या, की एकीचं लुगडं ओढ्यातून वाहत गेलं. ते पकडायला मीच धावले, आणि ते परत देताना पुन्हा हसल्या.

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. मला सायडिंग सोडायचंच होतं, त्याचं दुःख नव्हतंच. पण सोडायचं तर गाव सोडीन. ही बाई म्हणते तसं कुठल्या तरी रिकाम्या ओंडक्याजवळून उठून गेले असं माझ्या नावावर लागायला नको. सोडण्यासारखं गाव असायला हवं, म्हणजे मग ते ऐटीत सोडता येईल. ही अक्कल त्या वयात फक्त मलाच असू शकते.

संध्याकाळी मी सगळ्यांपुढं मांडलं, की मंगळवारी आपणही गाव सोडायचं.

"कंच्या देवीसाठी?" लोहार म्हणाला. "आपल्यात देवी कुठं हाय?"

"वडारांची आहे, तुमची आहे, आमची आहे."

"मग आत फिरायची कुणी?"

"कुणीबी येऊ दे की," आत्तीबाई म्हणाल्या. "रिकामी घरं बघून देवी न्हाय आली तर मांजर तरी येईल."

आत्तीबाईंना ते पटलं होतं हे बघून मला आश्चर्य वाटलं. पुढं त्यांनी मला सांगितलं, की आयुष्यभर रेल्वेनं त्यांना उठवलं होतं. आपणहून उठून परत यायची संधी पहिल्यांदाच दिसली.

मग शिवेचा घोळ. शिवेच्या बाहेर जायचं तर शीव पाहिजे. लोहाराच्या मते त्याच्या भात्यापाशी गाव संपत होतं, वडारांच्या मते त्यांच्या गाढवांच्या दावणीपाशी, आणि प्रत्येकाच्या हिशेबात दुसऱ्याचं घर गावाबाहेर पडत होतं. शेवटी आमचे हे म्हणाले, "रूळ जिथनं मोठ्या लाइनीला फुटत्यात तिथनं गाव सुरू, आन् ओंडक्यापाशी संपलं. आता जेवा."

त्यांचं एवढं लांबलचक भाषण मी पहिल्यांदा ऐकलं. सर्वानुमते पास झालं.

मंगळवारी झुंजूमुंजू व्हायला निघालो. गाढवं पुढं, गुरं मागं, माझ्या काखेत कोंबडी. चणेवाल्या म्हातारीला चालता येत नव्हतं आणि ती मागं राहिली तर सगळंच फुकट. रेल्वेनं एक मोडका हातठेला टाकून दिला होता. लोहारानं त्याची चाकं तेल घालून सरळ केली आणि म्हातारीला वर बसवून तो रुळांवरून ढकलत नेला. चार ठिकाणी गवत आडवं आलं. म्हातारी दोन्ही हातांनी ठेला धरून म्हणत होती, "सावकाश रं, सावकाश." माझ्या डोळ्यांदेखत आमच्या रुळांवरून प्रवास केलेली ती एकटी. मी स्टेशनवाली झाले ती तेवढीच.

लाइनीच्या तोंडाशी आम्ही बोराटीच्या फांद्या आडव्या टाकल्या आणि शेतात तीन-तीन दगड मांडून चुली केल्या. आत्तीबाई भात घालत होत्या, मी कांदा चिरत होते, आणि थोरल्या गावाचा धूर ओढ्याच्या वर दिसत होता. आमचाही धूर त्यांना दिसत असेल या विचारानं मी ओलं लाकूड घातलं.

तेवढ्यात ट्रॉली आली.

टोपीवाला साहेब उतरला. बरोबर सर्कल, मध्यम वयाचा, डोक्याला फेटा, आणि सर्कलचा पट्टेवाला. तिघं काट्यांपाशी उभे राहून आत बघू लागले. आत काय होतं? घरं होती. दारं बंद. धूर नाही, कुत्रं नाही, कोंबडीसुद्धा नाही; ती माझ्याकडं होती. इतकी वर्षं सायडिंगवर माणसांचा कलकलाट चालायचा, आणि गाव आहे की नाही हे बघायला सरकार आलं त्याच दिवशी आम्ही ते झाडून-पुसून रिकामं करून ठेवलं होतं.

सासरे हातातली पळी घेऊनच गोठले. कुणाला तरी पुढं जायला हवं होतं. चौथी शिकलेली मी एकटीच. मी पदर सारखा केला, कोंबडी तशीच काखेत, आणि निपाणीच्या शाळेतल्या शुद्ध भाषेत म्हणाले, "नमस्कार. आपणांस काय हवे?"

"गाव कुठंय?" सर्कलनं विचारलं.

"हे काय, समोर आहे."

"तिथं तर माणूस दिसत नाही."

"दिसणारच नाही," मी ठसक्यात म्हणाले. "या गावात कोणीही राहत नाही." 'आज' हा शब्द घालायचा मी विसरले. शुद्ध बोलण्याच्या नादात तेवढाच राहिला.

टोपीवाला साहेब खूश झाला. "बाई स्वतःच सांगते," तो सर्कलला म्हणाला. "झालं काम."

मागं आत्तीबाईंच्या हातातलं भांडं खाली पडल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, घराच्या मागून डोकं काढलेल्या फणसाकडं बघत होत्या. त्यांच्या तोंडावर राग असता तर मी सहन केला असता. राग नव्हता. गाठोडं कुठं ठेवलंय ते आठवताना माणूस दिसतो तशा त्या दिसत होत्या. कॅम्पातला बँड माझ्या डोक्यात वाजायचा थांबला तो त्या क्षणी, आणि सांगायला लाज वाटते, पण मला त्याचा रागच आला.

"आत जाऊन घरं बघून घेऊ," टोपीवाला म्हणाला. "ह्या फांद्या काढा."

हे पट्टेवाल्याला होतं. पट्टेवाल्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"न्हाय साहेब."

"न्हाय म्हणजे?"

"गाव सोडलंय ह्यांनी. काटं हायेत. माझी बायकापोरं हायेत."

साहेबानं सर्कलकडं बघितलं. सर्कल खानापूरकडच्या शेतकरी घरातला, शिकून वर चढलेला. त्याला हसू आल्यासारखं दिसलं. "अडाणी समजूत आहे," तो साहेबाला म्हणाला. पण फांदीला हात त्यानंही लावला नाही. उलट पायातली पायताणं एक पाऊल मागं घेतली.

"मग तुम्ही काढा," साहेब म्हणाला.

"काढली असती," सर्कल म्हणाला. "पण सोडलेल्या गावात दिवेलागणीच्या आत शिरायचं नसतं."

"हे गाव नाही. सायडिंग आहे."

"तेच तर बघायला आलोय," सर्कल म्हणाला, आणि फेटा सारखा करत आत्तीबाईंच्या चुलीकडं बघून विचारलं, "मावशी, आमटी कशाची?"

"कुळथाची," आत्तीबाई म्हणाल्या. "बसा की."

टोपीवाल्या साहेबानं घड्याळ काढून बघितलं. लाइनीवर गाडीची वेळ झाली होती, ट्रॉली उचलायला हवी होती. तो गेला. सर्कल आणि पट्टेवाला जेवले, बांधावर आडवे झाले, चणेवाल्या म्हातारीनं त्यांना तिच्या नवऱ्याच्या मरणाची हकीकत पहिल्यापासून सांगितली. दिवस कलला तेव्हा आत्तीबाईंनी काट्यांपुढं नारळ ठेवला आणि कुठल्याच देवीचं नाव न घेता गाऱ्हाणं घातलं, "आई, जी कोण फिरली असशील ती. घरं तशीच हायेत, आमाला आत घे." मग फांद्या बाजूला केल्या. सगळे आत शिरलो, गुरांच्या धुळीत, आणि सर्कल आमच्या मागून, म्हातारीच्या ठेल्याला एक हात लावत. घराघरातून नवा धूर निघाला तो त्यानं दारात उभं राहून बघितला.

निघताना तो सासऱ्यांना म्हणाला, "रूळ रेल्वेचे. ते त्यांना नेऊ दे. सोडलेल्या गावात लोक परत आले ते मी बघितलं, तेवढं मी सांगीन."

त्यानं सांगितलं असावं, कारण पुढं फक्त रूळ काढायला माणसं आली. माणसांना उठवायला कुणी आलं नाही.

त्या रात्री आत्तीबाईंनी माझ्या पानात तूप वाढलं. "तुझ्यामुळं गं," म्हणाल्या. मी तूप खाल्लं. कॅम्प, बेकरी, बँड आणि मडमा मी स्वतःच्या हातानं बोराटी टाकून अडवल्या होत्या, आणि आता जन्मभर या खड्ड्याचं पाणी प्यायचं होतं, हे तुपाबरोबर गिळलं. पुढच्या खेपेला माहेरी वैनीनं विचारलं, "आता रूळही गेले म्हणे. मग उरलं काय?"

"गाव," मी म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर मलाच नवल वाटलं.

फणस धरायला अजून बराच काळ गेला. आत्तीबाईंनी पहिला गरा खाल्ला आणि म्हणाल्या, "बरका हाय, बिलबिलीत. कापा लावायला पाहिजे हुता." त्यापुढं त्या तिथून हलल्या त्या खांद्यावरूनच.

आता मी आत्तीबाईंच्या जागी आहे. स्वराज्य येणार म्हणतात. बेळगाव कुणाचं यावर शहाणी माणसं आत्तापासून भांडायला लागलीत. आमचं सायडिंग अजून कुणीच मागितलेलं नाही, त्यामुळं आम्ही निवांत आहोत. एका अंगाला, लाइनीच्या पलीकडं, लढाईत मिलिटरीनं पेट्रोलची पिंपं उतरवायला एक नवा फाटा घातला होता. लढाई संपली, पिंपं गेली, लाइनीवरच्या फाटकाजवळची हमालांची खोपटं राहिली. त्यांच्या बायका आमच्या खड्ड्यावर पाण्याला येतात.

परवा माझी नातसून तिथं घागर भरत होती. फाटकाजवळची एक बाई विचारत होती, जागा मिलिटरीची आहे, उठवतील का, काय करावं. नातसून घागर डोक्यावर घेता घेता म्हणाली, "आमी काय सांगणार बाई. आमचं गाव हाय. तुमचं ते नुसतं फाटक."

बाकीच्या हसल्या. त्यांतली एक पाटलाच्या बहिणीसारखी हसली, अगदी तशीच, लुगड्याचा बोळा तोंडाशी धरून. मी फणसाखाली बसले होते. इतकी वर्षं सर्कलनं काय लिहिलं असेल असा मला प्रश्न पडायचा, तो त्या हसण्यानं सुटला: ज्यांचं गाव असतं, तीच माणसं असं हसतात.

त्या बाईला मी हाक मारली. ती घागर ठेवून आली, बिचकत. तिच्या पदरात गरे घातले.

"तुमच्या फाटकावर कोंबड्या किती जणींकडं हायेत?" मी विचारलं.

"हायेत की दोघी-तिघींकडं. का वं आज्जी?"

"काखेत धरायला लागतात. आन् एक ठेला बघून ठेव." नातसून लांबून डोळे वटारत होती, तिच्याकडं मी पाठ केली. "बघायला सायब कंच्या दिवशी येणार तेवढी बातमी काढ. मंगळवार न्हाय पडला तर आपण पाडू."